फ्रँकेनस्टाइन हे नाव कोणाचे?



एका इंग्रजी कादंबरीवर बोलावयास कामगार संघटनेच्या माणसाला उभे करावे, ही कल्पना चालकांना कशी सुचली हे तेच जाणोत. माझे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढचे सारे शिक्षण डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांत, वागळे इस्टेटमधल्या फाटकांवर आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर झाले. तेव्हा प्राध्यापकांसारखे विवेचन माझ्याकडून व्हावयाचे नाही. हे पुस्तक माझ्या हाती कसे आले, ते कोणत्या काळात लिहिले गेले, आणि त्यातले एक पान मला आजही का टोचते, एवढे मी सांगू शकेन.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात पगारवाढीच्या वाटाघाटी चालू होत्या. चहाचे तीन फेरे झाले होते आणि दोन्ही बाजू थकल्या होत्या. व्यवस्थापनाचे एक अधिकारी आपल्या वकिलाकडे वळून इंग्रजीत म्हणाले की, हा फ्रँकेनस्टाइन आपणच वाढवून ठेवला. 'हा' म्हणजे युनियन, आणि युनियन म्हणजे समोर बसलेला मी, एवढे कळण्यास फारसे इंग्रजी लागत नाही. बाहेर आल्यावर मी आमच्या वकिलांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "अहो, भस्मासुर! ज्याने वर दिला त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघालेला." खोटे कशाला सांगू, मला राग आला नाही. थोडी ऐटच वाटली.

पुढे काही महिन्यांनी फोर्टातल्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात तेच नाव दिसले. पंधरा रुपयांना घेतले. शब्दकोश मांडीवर ठेवून, डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये, रविवारी वाचनालयात, असे करीत ते वाचावयास मला सव्वा वर्ष लागले. आणि सुरुवातीसच कळले की फ्रँकेनस्टाइन हे त्या राक्षसाचे नाव नव्हेच. ते त्याला घडविणाऱ्या विद्वानाचे नाव. ज्याला आपण सारे फ्रँकेनस्टाइन म्हणतो, त्या बिचाऱ्याला अख्ख्या पुस्तकात नावच नाही! म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावर साहेबांनी मला दिलेले नाव वास्तविक त्यांच्याच बाजूचे होते. दिवा स्टेशनात गाडी थांबलेली असताना मी एकटाच हसलो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी थोडे सरकून बसणे पसंत केले.

आता पुस्तकाच्या जन्माकडे वळू. ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली ती १ जानेवारी १८१८ रोजी. ही तारीख मराठी माणसाला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच दिवशी भीमेच्या काठी कोरेगावला लढाई झाली आणि त्याच वर्षी पेशवाई संपली. आपल्या इतिहासाचे एक पान उलटत होते, त्याच दिवशी तिकडे तीन छोट्या भागांत, लेखकाचे नाव न छापता, अवघ्या पाचशे प्रतींची ही कादंबरी बाहेर पडली. नाव नव्हते म्हणून पुष्कळांना ती कोणा पुरुषाचीच वाटली. लिहिणारी होती मेरी शेली. लिहावयास बसली तेव्हा अठरा वर्षांची होती.

अठरा वर्षांच्या मुलीला असे भयंकर कसे सुचले, असे तेव्हाही लोकांनी विचारले. तिचे चरित्र पाहिले म्हणजे नवल कमी होते. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांवर ग्रंथ लिहिणारी. ही मुलगी ३० ऑगस्ट १७९७ ला जन्मली आणि १० सप्टेंबरला आई बाळंतरोगाने गेली. म्हणजे जन्म देणे आणि मरणे या दोन गोष्टी या मुलीच्या मनात पहिल्यापासूनच एकमेकींना चिकटलेल्या. सतराव्या वर्षी तिला पहिले मूल झाले, तेही काही दिवसांतच दगावले. नंतर तिने रोजनिशीत लिहून ठेवले आहे की, आपण त्या थंड पडलेल्या बाळाला शेकोटीपाशी चोळले आणि ते जिवंत झाले, असे तिला स्वप्न पडले. जाग आल्यावर बाळ नव्हते. प्रेतात प्राण घालण्याची इच्छा विद्वानांच्या प्रयोगशाळेत पुढे आली. या मुलीला ती आपल्याच घरात आधी भेटली होती.

विद्वानही अर्थात मागे नव्हते. इटलीत गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाची तंगडी विजेच्या स्पर्शाने हलते हे दाखविले आणि १७९१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याचा पुतण्या आल्दिनी याने १८०३ साली लंडनमध्ये फाशी गेलेल्या एका कैद्याच्या प्रेतास विजेच्या तारा लावल्या. प्रेताचा जबडा हलला, एक डोळा उघडला. पाहणारे हादरले. प्रेत कोणाचे, तर फाशीच्या कैद्याचे. या प्रयोगांना कधी उमरावाचे प्रेत मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही. असो.

१८१६ च्या उन्हाळ्यात मेरी, तिचा भावी पती कवी शेली आणि कवी बायरन जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहिले होते. उन्हाळा म्हणावयाचा, पण त्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. आदल्या वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या राखेने आणि वायूंनी पुढच्या वर्षी सूर्याचा ताप कमी केला. पिके बुडाली, धान्य महागले, लोक अन्नाला मोताद झाले. कवींच्या बंगल्यात मात्र पावसामुळे बाहेर पडता येईना, एवढाच त्रास. तेव्हा बायरनने प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी असा खेळ काढला. त्या खेळातून हे पुस्तक निघाले.

हा सारा मजकूर कोणत्याही प्रस्तावनेत सापडतो. पण त्याच बायरनची एक गोष्ट प्रस्तावनांत क्वचितच असते, आणि आम्हा लोकांना ती महत्त्वाची वाटते. चार वर्षांपूर्वी, २७ फेब्रुवारी १८१२ रोजी, या लॉर्डसाहेबांनी उमरावांच्या सभागृहात पहिले भाषण केले ते कोणाच्या बाजूने? नॉटिंगहॅमच्या विणकरांच्या बाजूने. मोजे विणण्याच्या नव्या पद्धतीच्या चौकटींनी त्यांची मजुरी खाल्ली होती, म्हणून ते रात्री जाऊन चौकटी फोडीत. त्यांना लडाइट म्हणत. सरकारने चौकट फोडणाऱ्यास फाशी देण्याचा कायदा आणला. बायरन विरोधात बोलला, पण कायदा झालाच. १८१३ च्या जानेवारीत यॉर्कला त्या चळवळीच्या खटल्यांत सतरा माणसे फासावर गेली. आणि शेलीने १८१७ च्या नोव्हेंबरात पत्रक लिहिले. राजकन्या शार्लट बाळंतपणात वारली म्हणून सारा देश शोक करीत होता, आणि तिच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी पेंट्रिचच्या उठावातील तीन मजुरांना डर्बी येथे फाशी झाले, त्यांच्यासाठी कोणी रडले नाही, असा त्याचा आशय. कादंबरी छापून बाहेर पडावयास तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते. ज्या घरात ही कादंबरी लिहिली गेली, त्या घरात यंत्र आणि मजूर यांची बोलणी अशी चालू होती.

कथानक थोडक्यात सांगतो. व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन हा जिनिव्हाच्या खानदानी घरातला मुलगा. इंगोलश्टाटच्या विद्यापीठात शिकतो. जीव कसा उत्पन्न होतो याचा त्याला ध्यास लागतो. स्मशाने, शवागारे, कसाईखाने यांतून तुकडे जमवून तो आठ फूट उंचीचा मनुष्य तयार करतो. नोव्हेंबरातल्या एका पावसाळी रात्री त्याच्यात प्राण येतो. पिवळे डोळे उघडतात. दोन वर्षे ज्यासाठी झोप-भूक सोडली ते समोर उभे आहे! आणि हा विद्वान काय करतो? तो पळून जातो. आपल्या खोलीत जाऊन झोपतो. तो जीव मागून येतो, पडदा दूर करून वाकतो, काही अस्फुट बोलतो, हात पुढे करतो. तेव्हा हा घराबाहेरच धावत सुटतो.

इथे मला आमच्या वकीलसाहेबांचा भस्मासुर आठवला आणि तो दृष्टान्त बसेना. भस्मासुराने वर मागितला तोच मुळी दुसऱ्याला भस्म करण्याचा. या जीवाने तर काहीच मागितले नव्हते. बसतो तो दुसरा दृष्टान्त, आणि तो आपल्या घरोघरी पाटावर बसतो. पार्वतीने अंगाच्या मळाचा मुलगा केला, त्याचे मस्तक तुटले, त्यावर हत्तीचे मस्तक बसविले. दिसावयास विचित्रच म्हणावयाचे. पण आईने त्याला मांडीवर घेतले, नाव दिले, आणि पहिल्या पूजेचा मान दिला. व्हिक्टरने याच्या पोटी मांडी दिली नाही, नाव तर नाहीच.

टाकलेला तो जीव जंगलात एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून लपून राहतो. भिंतीच्या फटीतून ऐकून भाषा शिकतो, पुढे वाचावयास शिकतो, मिल्टन वाचतो. (आम्ही फाटकाबाहेर उभे राहून इंग्रजी शिकलो, त्याचीच ही तऱ्हा.) आणि रात्री कोणाला न कळत तो काय करतो? त्या कुटुंबासाठी सरपण तोडून दाराशी रचतो, दारापुढचे बर्फ उपसतो. घरातली माणसे सकाळी उठून नवल करतात की हे काम कोण करून जाते. त्यांना वाटते एखादा उपकारी देवदूत असावा. पुढे तो धीर करून समोर येतो, तेव्हा तरुण मुलगा त्याला काठीने झोडपतो. काम चालते, करणारा दिसलेला चालत नाही. हे प्रकरण मी आमच्या कंत्राटी पोरांना मराठीत सांगितले आहे. 'गॉथिक' म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागते. हे प्रकरण समजावून सांगावे लागत नाही.

पुढे तो सूडाला पेटतो, खून करतो, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. लेखिकेनेही केलेले नाही. पण त्याला तिने बोलू दिले आहे. पुस्तकाच्या मधला मोठा भाग तो स्वतः बोलतो आणि उत्तम बोलतो. नाटकवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी पुढे काय केले पाहा. १८२३ साली लंडनमध्ये या कादंबरीचे नाटक लागले. त्यात पहिली गोष्ट केली ती त्याची जीभ काढून घेण्याची, आणि तो मुका राक्षस रंगभूमीवर गुरगुरू लागला. पात्रांच्या यादीत त्याच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या. १९३१ च्या प्रसिद्ध चित्रपटात बोरिस कार्लॉफ होता. तो चौकोनी डोक्याचा, मानेत खिळे असलेला चेहरा आपण ओळखतो तो तिथला. तिथेही तो बोलत नाही, आणि सुरुवातीच्या नामावलीत त्याच्यापुढे नटाचे नाव नव्हते, प्रश्नचिन्ह होते.

जीभ गेली की नाव बदलणे सोपे. १८२४ च्या मार्चमध्ये पार्लमेंटात वेस्ट इंडीजच्या गुलामांचा प्रश्न निघाला तेव्हा कॅनिंगसाहेबांनी याच कादंबरीचा दाखला दिला. अंगाने प्रौढ पण बुद्धीने बालक अशा माणसाला एकदम मोकळे केले तर तो त्या राक्षसासारखा होईल, असा त्यांचा युक्तिवाद. १८४८ मध्ये एलिझाबेथ गॅस्केलबाईंनी मँचेस्टरच्या गिरणी कामगारांवर कादंबरी लिहिली. बाईंची कळकळ खरी, पण कामगारांना उपमा द्यावयाची तर त्यांनी 'फ्रँकेनस्टाइन'ची दिली आणि नावाचा घोटाळाही केला. १८६६ साली, शहरातील कामगारांना मत द्यावे की नाही हा वाद चालू असताना, 'पंच' साप्ताहिकात व्यंगचित्र आले. प्रचंड धिप्पाड कामगार बसला आहे आणि त्याची बाजू घेणारा जॉन ब्राइट घाबरून चवड्यांवर चालतो आहे. चित्राच्या नावात फ्रँकेनस्टाइन होताच. पुढच्याच वर्षी शहरातील पुष्कळ कामगारांना मत मिळाले, आणि आकाश कोसळले नाही. तेव्हा आमचे ते अधिकारी जे बोलले त्याला पावणेदोनशे वर्षांची परंपरा होती, आणि त्यांना ते ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

हे झाले विलायतेचे. आपल्या ठाण्याला वाफेचे यंत्र आले ते १६ एप्रिल १८५३ रोजी. तीन इंजिने, चौदा डबे, चारशे पाहुणे, बोरीबंदर ते ठाणे. पुढच्या वर्षी गाडी कल्याणपर्यंत गेली. त्या दिवशी ठाण्यात पाचएक वर्षांचा एक मुलगा होता. त्याने ती गाडी पाहिली की नाही, मी सांगू शकत नाही. पण पुढे त्याने रेल्वेत नोकरी केली, टपालात केली, आणि अखेर मुंबईच्या मांडवीतील गिरणीत भांडारपाल म्हणून लागला. त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. जोतीरावांचा हा अनुयायी, 'दीनबंधू'चा संपादक, हिंदुस्थानातील कामगार चळवळीचा आद्य पुरुष, आपल्या ठाण्यात १८४८ मध्ये जन्मला.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवून लोखंड्यांनी जे मागणीपत्र केले, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या सर्वांना माहीत आहेत. रविवारची सुटी १८९० च्या १० जूनला मिळाली आणि आपण आज ती दुपारच्या झोपेत घालवितो. पण त्या पत्रातली आणखी एक मागणी मला सर्वांत मोठी वाटते. कामावर यंत्राने जखमी झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. म्हणजे काय? यंत्र तुम्ही आणले, त्याने जे केले त्याची जबाबदारी तुमची. व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनला जे कोणी बजावले नाही, ते ठाण्याच्या या माणसाने मुंबईच्या मालकांना लेखी बजावले. ही गोष्ट कायद्यात येण्यास १९२३ साल उजाडले. एकोणचाळीस वर्षे!

लोखंडे प्लेगच्या साथीत रुग्णांची व्यवस्था पाहताना प्लेगनेच वारले, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी. त्याच्या बरोबर महिनाभर आधी, १० जानेवारीला, त्याच मुंबईत वाल्डेमार हाफकीन या ओडेसाच्या ज्यू शास्त्रज्ञाने आपण तयार केलेली प्लेगची लस पहिल्याप्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत तीन महिन्यांत त्याने ती सिद्ध केली. महत्त्वाकांक्षा त्यालाही होतीच. पण व्हिक्टरमध्ये आणि याच्यात फरक पाहावयाचा तर तो इथे पाहावा. याने घडविलेली वस्तू प्रथम आपल्या शरीराला लावली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना टोचली. कैदी आपखुशीने पुढे आले असे लिहितात. तुरुंगातल्या खुशीबद्दल माझ्या मनात शंका आहेत, त्या मी राखून ठेवतो.

पुढे १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मेले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा ठरवून हाफकीनला कामावरून दूर केले. तो पळाला नाही, गप्पही बसला नाही. पाच वर्षे कागदपत्रे घेऊन भांडला. बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे पुढे आले. १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्याचे नाव आहे. या चौकशीत ज्या हाताने चिमटा धरला त्या हाताची चूक होती, हे मला नमूद केले पाहिजे. प्रत्येक वेळी मालकच दोषी असतो असे मी म्हणत नाही. चौकशी झाली पाहिजे, एवढेच म्हणतो.

आता आपल्या गावात येतो. डोंबिवलीत साठीच्या दशकात औद्योगिक वसाहत आली तेव्हा आमच्या वडिलांची पिढी आनंदली, आणि त्यात चूक नव्हती. त्या कारखान्यांनी आमची चूल पेटविली. रंग, औषधांचा कच्चा माल, कापडावरील प्रक्रिया, हे सारे इथे झाले. मग वस्ती वाढत वाढत कारखान्यांच्या भिंतींना टेकली. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला आणि तो पाहावयास मुख्यमंत्री आले. बाहेरगावचे लोक हसले. आम्हीही हसलो. पण त्याआधीच २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कारखान्यात स्फोट झाला होता. बारा माणसे गेली, दीडशेच्या वर जखमी झाली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. मालकांच्या स्वतःच्या घरातील माणसेही त्यात गेली. ज्यांना मालक म्हटले की डोळ्यांपुढे राक्षसच येतो, त्यांनी हे विसरू नये. कादंबरीतही व्हिक्टरचा धाकटा भाऊ, मित्र, नवपरिणीत पत्नी हीच माणसे बळी पडतात. आणि आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी दुपारी, अमुदान कारखान्यातील रिअॅक्टर फुटला. दहाहून अधिक कामगार गेले. काहींची ओळख पटविण्यासाठी नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घ्यावे लागले. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस, आणि संध्याकाळी तो कोण हे ठरविण्यास प्रयोगशाळा हवी!

आणि आता ते पान, जे मला टोचते. व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा खून होतो. आरोप येतो घरातील मोलकरीण जस्टीन मॉरिट्झ हिच्यावर. तिच्या खिशात मुलाच्या गळ्यातील तसबीर सापडते. ती त्या जीवाने तिथे ठेवलेली असते. व्हिक्टरला ठाऊक आहे की खून कोणी केला. तो न्यायालयात हजर आहे. तो बोलत नाही. आपल्याला लोक वेडा म्हणतील, अशी सबब तो मनाशी सांगतो. जस्टीनला फाशी होते. धर्मगुरूच्या धमकीला भिऊन ती बिचारी न केलेला गुन्हा कबूलही करते.

हे पान मी वाचले होते. नीट वाचले होते. त्यानंतर तीन वर्षांनी मी ज्या युनियनचा चिटणीस होतो, त्या एका कारखान्यात अपघात झाला. कारखान्याचे नाव मी घेणार नाही. रंगाचा कच्चा माल बनविण्याच्या रिअॅक्टरमधील ढवळणी, कामगार तिला स्टरर म्हणतात, अधूनमधून बंद पडत असे. ढवळणे थांबले आणि वरून आम्ल पडत राहिले तर ते आत नुसते साचते. मग ढवळणी पुन्हा चालू झाली की साचलेले सारे एकदम पेटून उठते, आणि बाहेरच्या थंड पाण्याला ती उष्णता आवरत नाही. दुसऱ्या पाळीत तसेच झाले. झाकणापाशी उभा असलेला कंत्राटी मुलगा भाजून चौथ्या दिवशी गेला. हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. कंत्राटदाराच्या वहीत नुसता '१ माणूस' असा आकडा होता. कायम कामगारांपैकी जो ऑपरेटर त्या पाळीला होता, त्याच्यावर आरोपपत्र आले की निष्काळजीपणामुळे अपघात झाला.

चौकशीत त्याचा बचाव मी केला. स्टररच्या नादुरुस्तीचे तोंडी दाखले दिले, साक्षीदार आणले. व्यवस्थापनाने विचारले, "लेखी तक्रार आहे काय?" मी म्हणालो, सापडत नाही. ती सापडत नव्हती असे नाही. आमच्या आदल्या वर्षीच्या मागणीपत्रकात अकराव्या क्रमांकाची मागणी होती, रिअॅक्टरचे स्टरर व त्यांची मोटर बदलावी. आणि दिवाळीच्या तोंडावर, बोनसचा आकडा दीड टक्क्याने वाढवून मिळावा म्हणून जी कलमे आम्ही सोडली, त्यांत अकरावे होते. त्या करारावर माझी सही होती. तो कागद पुढे केला असता तर ऑपरेटरचा बचाव बळकट झाला असता आणि चिटणिसाचे तोंड काळे झाले असते. मी गप्प बसलो. ऑपरेटर बडतर्फ झाला. सहा वर्षांनी कामगार न्यायालयात त्याला निम्म्या पगारावर तडजोड मिळाली. तो माझ्याशी आजही चांगला बोलतो, कारण त्याला हे माहीत नव्हते. मागच्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि बायकोला चहा टाकावयास सांगितले. दुसरे काही बोलला नाही.

तेव्हा फ्रँकेनस्टाइन हे नाव त्या अधिकाऱ्यांनी चुकून युनियनला दिले, असे मी पूर्वी सभांतून मोठ्या आवाजात सांगत असे, ते अलीकडे सांगत नाही.

भोपाळनंतर, १९८७ साली, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याच्या उद्योगांत कामगारांनी सुरक्षा समितीत बसावे आणि धोका दिसला तर तो वर कळवावा, अशी कलमे घातली गेली. अशा समितीच्या बैठकांना मी पुष्कळ बसलो आहे. बहुतेक ठिकाणी बिस्किटे चांगली असत.

शेवटी पुस्तकातील ज्या प्रकरणाकडे विद्वान मंडळी फारशी पाहत नाहीत, ते सांगून थांबतो. ही सारी कहाणी आपल्याला सांगतो तो वॉल्टन नावाचा कप्तान. त्यालाही ध्यास आहे, उत्तर ध्रुवाकडे वाट काढण्याचा. मरणाला टेकलेला व्हिक्टर त्याला बर्फात सापडतो आणि जहाजावर आपली कर्मकथा सांगतो. जहाज बर्फात अडकते. चहूकडे हिमाचे डोंगर, खलाशी मरू लागले आहेत. तेव्हा खलाशी आपसात माणसे निवडतात आणि ते पाच-सहा जण कप्तानाच्या खोलीत येतात. त्यांची मागणी एकच. बर्फ फुटून वाट मोकळी झाली तर पुढे जावयाचे नाही, जहाज दक्षिणेला वळवावयाचे, असे वचन द्या. पगाराविषयी ते काही बोलत नाहीत.

आणि कोण उठून बसतो? ज्याने भाऊ, मित्र, पत्नी, सारे या ध्यासापायी गमावले, तोच व्हिक्टर! तो खलाशांना मर्दपणा, कीर्ती, मानवजातीचे कल्याण यांवर भाषण देतो. भाषण इतके सुंदर आहे की मला ते पहिल्या वाचनात पाठ झाले होते. खलाशी एकमेकांकडे पाहतात आणि काही बोलत नाहीत. पण मागणीही मागे घेत नाहीत. दोन दिवसांनी कप्तान रोजनिशीत लिहितो की, मी परतण्यास संमती दिली आहे. नंतर बर्फ मेघगर्जनेसारखा आवाज करीत फुटतो, आणि दक्षिणेची वाट मोकळी झालेली दिसताच डेकवरचे खलाशी आनंदाने ओरडतात. ते ओरडणे बराच वेळ चालते. खाली बिछान्यावर पडलेला व्हिक्टर विचारतो, हा कसला गोंगाट आहे? वॉल्टन सांगतो, ते ओरडत आहेत, कारण ते आता घरी जाणार आहेत.